बावन्नाव्या वर्षाचा विस्तव

२० फेब्रुवारी, गुरुवार

सातवीचे प्रकल्प तपासून डोळे गेले. 'जगातील नववर्षे' हा विषय मीच दिला होता, तेव्हा बोल कुणाला लावणार? निम्म्या वर्गाने गुढीपाडवा लिहिला आणि उरलेल्यांनी निम्म्या वर्गाचं बघून गुढीपाडवा लिहिला. एकट्या दीपिकाने मेक्सिकोतल्या ॲझटेक लोकांचं नववर्ष लिहिलंय. इंटरनेटवरून उतरवलंय हे आंधळ्यालाही कळेल. तिला उभं करून झापणार होते, पण वाचतच बसले.

त्यांचं वर्ष बारा मार्चच्या सुमारास लागतं. तिथल्या काही गावांत आजही त्या दिवशी शंख फुंकतात, ढोल वाजवतात, पाइनच्या लाकडाचे पलिते पेटवतात. जुन्या काळी तर म्हणे दर बावन्न वर्षांनी सगळ्या राज्यातली आग विझवायचे. चुली, दिवे, मशाली, सगळं. जुनी मडकी टाकून द्यायचे. मग डोंगरावर नवी आग पेटायची आणि तीच घरोघर पोचवायची. ती एका कैद्याच्या छातीवर पेटवत असत, हे दीपिकाने मोठ्या हौसेने लाल शाईत लिहिलंय.

येत्या बारा मार्चला मला बावन्न पूर्ण होतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्रीची सुट्टी. सकाळी झोपावं म्हटलं तर साडेपाचलाच शकूने भिंतीवर धाड धाड दोनदा हाणलं.

शकू म्हणजे माझी थोरली जाऊ. वयाने मोठी, मानाने मोठी, तोंडावर मी 'जाऊबाई'च म्हणते. म्हणायचे तेव्हा म्हणायचे. आता दोन वर्षं आम्ही बोलत नाही आणि वहीत तरी ती शकूच राहील. चिंचणीतलं हे घर सासूबाईंच्या डोळ्यांदेखतच मधोमध भिंत घालून वाटलं. इकडे मी आणि प्रफुल्ल, तिकडे शकू आणि जानूभाऊजी. मागची पडवी तेवढी दोघींची. तिथे सासूबाईंची चूल आहे. मी गॅसवर शिजवते, ती अजून त्या धुरात बसते.

आणि भिंतीपलीकडे तिच्याकडे माझा मुलगा जेवतो. सुजीत. पालघरला डिप्लोमा केला, एमआयडीसीत चांगली नोकरी लागली, कायम होणार होता. शकूने कान भरले. 'काकाच्या होडीवर चल, कंपनीत काय हाय.' एक दिवस आला, बॅग उचलली आणि भिंतीपलीकडे गेला. मी म्हटलं, पुन्हा या दारात येऊ नकोस. तोही माझाच मुलगा, आला नाही. तिला मोठीआई म्हणतो.

नोकरीत असताना रात्रभर खोकायचा. आता भिंतीतून खोकलाही ऐकू येत नाही. मला कळू नये म्हणून दाबत असणार.

आणि वर ही बाई पहाटे भिंत बडवते. कधी एक थाप, कधी दोन. मला झोपू द्यायचं नाही एवढाच उद्योग. मी लाटणं घेऊन उलट सात-आठ फटके लगावले. भिंतीचा चुना माझ्याच उशीवर पडला.

२ मार्च, रविवार

ठरलं. नवी आग मी पेटवणार. वेड लागलंय म्हणा, पण बावन्न वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर माणसाला एकदा वेड लागायचा हक्क आहे.

आणखी वाचलं. त्यांचे महिने वीस दिवसांचे. असे अठरा महिने झाले की पाच दिवस उरतात. ते कुठल्याच महिन्याचे नाहीत, अशुभ. त्या दिवसांत काम नाही, सण नाही, घराबाहेर पडायचं नाही, आणि मुख्य म्हणजे भांडायचं नाही. त्या पाच दिवसांत जो भांडला तो वर्षभर भांडतच राहतो. हे वाचून मी हसले. आमच्या गल्लीतलं प्रत्येक वर्ष त्या पाच दिवसांतच सुरू झालेलं दिसतंय.

सात ते अकरा मार्च मौन पाळायचं. शाळेत शिकवण्यापुरतं बोलायचं, घरी तेवढंही नाही. अकराला संध्याकाळी सगळी आग विझवायची. बाराला सूर्य उगवताना नवी. त्या दिवशी ते राजगिरा मधात कालवून खात, तर मी राजगिऱ्याचे लाडू आणून ठेवलेत. एवढं तरी त्यांचं आणि आपलं जमलं.

प्रफुल्लला सांगितलं. तो म्हणाला, "गॅसपण बंद? चहा?" बावन्न वर्षांच्या फेऱ्याचं माझ्या नवऱ्याला एवढंच पडलंय.

७ मार्च, शुक्रवार

पहिला दिवस. प्रफुल्लशी बोटांनी बोलले. त्याला बरंच वाटलेलं दिसलं, शिट्टी वाजवत कंपनीत गेला.

मागे शकू बोंबील वाळत घालत होती. दोरी मुद्दाम माझ्या खिडकीसमोर बांधते. एरवी मी दोन शब्द सुनावले असते, तिच्याकडे न बघता, तुळशीला ऐकवल्यासारखे. आज गप्प राहिले. ती दोनदा वळून बघून गेली. मग दोरी सोडली आणि पलीकडच्या खांबाला बांधली. माझ्या गप्प बसण्याची भीती वाटली असणार. हे आधी सुचायला हवं होतं.

८ मार्च, शनिवार

शाळेत महिला दिन. मुख्याध्यापिकाबाईंनी 'सोशिक स्त्री' या विषयावर भाषण केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, सगळ्यांनाच ते जमतं असं नाही. मी हसले. मौन नसतं तर आज बाईंचा सत्कार वेगळ्या प्रकारे झाला असता.

९ मार्च, रविवार

पहाटे पुन्हा थाप. एकच. मी लाटणं हातात घेतलं आणि व्रत आठवून खाली ठेवलं. मनातल्या मनात मात्र सगळं बोलून घेतलं. ॲझटेकांनी मनातल्या भांडणाबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही.

१० मार्च, सोमवार

प्रफुल्ल संध्याकाळी समोर येऊन बसला आणि म्हणाला, "ऐक ना, सुजीत..." मी ओठांवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "अगं, दादा नि तो यावेळी जरा लां..." मी उठून आत गेले आणि दार लावलं. ज्याने आईचं दार सोडलं त्याचं नाव या पाच दिवसांत तरी मला ऐकायचं नाही. अशुभ दिवस आहेत.

दाराबाहेर तो थोडा वेळ उभा होता. मग चपला घालून रात्रपाळीला गेला.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळ. देवाचा दिवा विझवला आहे, खिडकीच्या उजेडात लिहिते.

काम झालं. शाळेतून आले ती थेट कामाला लागले. गॅसची टाकी बंद केली. उदबत्ती पाण्यात बुडवली. कान तुटलेले कप, प्रफुल्लचा जुना दाढीचा मग, लग्नातली पोचलेली कढई, सगळं गोणीत भरलं. फोडताना इतकं बरं वाटलं की चांगल्या कपांपैकीही एक फोडला.

मग पडवीत गेले. सासूबाईंची चूल राखेने झाकलेली होती. वर हात धरला तर ऊब. शकू रोज राख पसरून विस्तव तसाच ठेवते, तिला आगकाडीसुद्धा जड होते. छप्पर एक आहे. एका छपराखाली एक आग विझवायची आणि दुसरी ठेवायची, याला काही अर्थ आहे का? माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. शकू बोईसरच्या बाजारात सुकट घेऊन गेलेली, विचारायला कुणी नव्हतं, आणि मौनात विचारणार तरी कशी?

कळशीभर पाणी ओतलं. फुस्स करून राख उडाली ती माझ्या तोंडावर. चुलीचा काळा चिखल झाला. त्या लोकांना आग विझल्यावर भीती वाटायची म्हणतात, पुन्हा सूर्य उगवेल की नाही म्हणून. मला छान वाटतंय. बऱ्याच दिवसांनी.

१२ मार्च, बुधवार

आज शाळेत गेले नाही. काल काय झालं ते लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल वही मिटते न मिटते तोच शकू बाजारातून आली. पाटी उतरवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मी तयारीत होते. शिव्या देईल, आरडाओरडा करेल, सगळी गल्ली गोळा होईल. मौन असल्यामुळे मी जिंकणार हे नक्की होतं.

ती ओरडली नाही. बराच वेळ झाला म्हणून मीच पडवीत डोकावले. ती चुलीपुढे उकिडवी बसली होती, दोन्ही हात त्या चिखलात. विस्तव चाचपत होती.

"तू केलंस?" मान वर न करता तिने विचारलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

मी मान डोलावली.

"सुजीत पाण्यावर हाय," ती म्हणाली.

माझं मौन कुठल्या कुठे गेलं. मी म्हटलं, "कधी गेला? मला कुणी सांगितलं?"

"रविवारी फाटेला, अंधारातच. थाप मारली ना मी. एक मारली का गेला, दोन मारल्या का आला. दोन वरसं मारते, चंदा. तू लाटण्याने बडवायचीस. मी म्हनायची, ऐकलं तिने."

मी पडवीच्या पायरीवर बसले.

सासूबाईंचं म्हणणं मला ठाऊक होतं. घरचं माणूस पाण्यावर असेल तोवर चूल विझू द्यायची नाही. मी पालघरची, माझे वडील कचेरीत कारकून, आमच्याकडे कुणी पाण्यावर गेलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी यावर हसले होते. चूल विझल्याने इंजिन बंद पडत नाही, हे कुणालाही कळतं. मी शकूला म्हटलं, "त्यात काय, काडेपेटी आहे. आत्ता पेटवून देते."

तिने माझ्याकडे बघितलं. "काडीने नाय चालत. दुसऱ्याच्या चुलीतून मागून आनाचा. आन मागाचा तो त्याच्या आयशीने." मग म्हणाली, "मी आयशी असती तर कवाच गेली असती."

हे ती मला लागावं म्हणून बोलली की नाही, ठाऊक नाही. लागलं.

कोपऱ्यातलं फुटकं घमेलं घेतलं आणि निघाले. माझा विश्वास नाही. तरी निघाले.

गल्लीत घरोघर गॅस. शेजारच्या हेमालीकडे पाणी तापवायची चूल असते, तिथे गेले. तिने दारातच सांगितलं, "आमची विझली." मागे धूर निघत होता. मागच्या वर्षी तिच्या मुलीला नापास केलं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. कुंदनशेठच्या मागच्या अंगणात चूल आहे, पण त्याच्या कुत्र्याची तक्रार मी केली होती. त्याने कुत्राच सोडला. त्या घमेल्यासह मी गल्लीतून पळाले आणि सगळ्यांनी बघितलं.

उरली बुधी. शेवटच्या घरातली म्हातारी, सुकट भाजून विकते. तिची चूल कधी थंड नसते. रस्त्यावर जवळा वाळत घालते म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. तिचा सगळा जवळा उचलून नेला होता.

"तुजा माजा इस्तव जात नाय," बुधी म्हणाली, "आन तोच मागाला आलीस?"

"हो," मी म्हटलं.

"कोनासाठी?"

"चूल विझलीय."

"ते दिसते. कोनासाठी मागतेस, ते बोलाचा असते. मोठ्याने. दारात उभी राहून."

मागे लोक जमले होते. हेमालीही आली होती. भर वर्गात मी मुलांना उभं करते, तेव्हा त्यांना काय होत असेल ते मला काल कळलं. दोन वर्षांत मी त्याचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं.

"माझ्या सुजीतसाठी," मी म्हटलं. "तो पाण्यावर आहे. मी त्याची आई."

बुधीने चिमट्याने विस्तव घातला. एकेक निखारा टाकताना मला ऐकवत होती. अर्जाचं, जवळ्याचं, सासूला मी कशी बोलायची त्याचं. शेवटचा निखारा टाकून म्हणाली, "पोरासाठी दिला. तुला दिला नाय. जा आता, वारा लागंल."

घमेलं पदराने झाकून आणलं. पदर जळाला. शकूने चिखल काढून चुलीत सुकी राख भरली होती, वर काटक्या रचल्या होत्या. मी विस्तव ओतला, तिने फुंकणी लावली. काटक्यांनी पेट घेतला तेव्हा दोघींनीही हुश्श केलं नाही. ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या.

आज माझा वाढदिवस. सूर्य उगवला. शंख वगैरे कुणी फुंकला नाही. होळीसाठी सगळ्या होड्या दुपारपर्यंत बंदरात लागल्या. आमची लागली नाही. फोन लागत नाही, वायरलेसवर उत्तर नाही. प्रफुल्ल बंदरावर बसून आहे. जाताना एवढंच म्हणाला, "मी तुला सांगत होतो."

राजगिऱ्याचे लाडू शकूपुढे ठेवले. तिने हात लावला नाही. मीही नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी.

सकाळी गल्लीत होळीचा दांडा उभा केला. ढोल वाजेना. आमच्या घरासमोरून जाताना पोरं ढोल खाली धरून जात होती. मला त्या पोरांचा राग आला. वाजवायचं तर वाजवा, आम्ही काय मेलोय?

शकू चुलीपुढून हलली नाही. मी तिला म्हटलं, "तुम्ही त्याला नेलंत. कंपनीत असता तर आज घरी असता."

ती शांतपणे म्हणाली, "कंपनीत असता तर आज नसता. रक्त थुकत होता, चंदा. कपडे मी धुवायची ना त्याचे, तुला दिसू नये म्हनून इकडे आनून द्यायचा. तुला बोलला असता तर तू परत कामावर पाठवला असता. कायम होनार होता ना."

मी तिथून उठून आत आले. खाटेवर बसले. भिंतीकडे बघत राहिले. चुना उडालेली जागा अजून तशीच आहे. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते कमी झालं असं म्हणता येणार नाही. वाढलंच. माझ्याच मुलाचं मला ठाऊक नसलेलं तिला ठाऊक होतं.

चार वाजता भिंतीवर थापा पडल्या. दोन.

मी पडवीतून धावले, पदर सावरायचंही भान राहिलं नाही. दुसऱ्या एका होडीने आमची ओढत आणली होती. शकूच्या अंगणात उभे होते जानूभाऊजी, दोन खलाशी, आणि सुजीत. काळा पडलाय. खांदे भरलेत. माझ्याकडे बघून थांबला.

"इंजिन बसलं," तो शकूला म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी. दोन दिवस नांगर टाकून बसलो."

मंगळवारी किती वाजता, हे मी विचारलं नाही.

तो पडवीत चुलीपाशी टेकला. "मोठीआई, चहा."

शकू फुंकणी ठेवून उठली. "आज चूल तुज्या आयशीची हाय. तिला सांग."

त्याने एक काटकी चुलीत सारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मम्मी, चहा."

मी चहा केला. चुलीवर चहा करायची सवय नाही, धूर डोळ्यांत गेला, उतू गेला. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी आहे." मी म्हटलं, "आवडत नसेल तर ठेव." तो सगळा प्यायला.

संध्याकाळी होळी पेटली. ढोल वाजला. बुधी समोर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने तोंड फिरवलं.

२३ मार्च, रविवार

सुजीत भिंतीपलीकडेच राहतो. मी 'ये' म्हटलं नाही, तो आला नाही. रात्री पडवीत येऊन बसतो, पाय पसरून, चुलीच्या या बाजूला कधी, त्या बाजूला कधी. लाडू संपवले. शकूची दोरी पुन्हा माझ्या खिडकीसमोर आलीय. तिने विचारलं नाही, मी बोलले नाही. सगळं घर बोंबलाच्या वासाने भरलंय.

आज पहाटे थाप पडली. एक.

मी अंधारात उशाशी हात घातला, लाटणं घेतलं आणि भिंतीवर हाणलं. एकच.

पलीकडून शकूचा आवाज आला, "हळू. चुना पडते."

पडवीत गेले. राख बाजूला केली, खाली विस्तव लाल होता. एक लाकूड सरकवलं आणि राख पुन्हा ओढून घेतली. तो येईपर्यंत मला लक्ष ठेवावं लागणार. ही गोष्ट शकूवर सोडून चालणार नाही.